झाकलेली पाटी

डोक्यावरची पाटी उतरवण्याआधी आमची कोळीण दारातूनच विचारायची, "शिंकतंय काय गो कोण?" कोणी हो म्हटलं की पाटी तशीच पुढच्या घरी. मासळी विकते की डॉक्टरकी करते, अशी थट्टा आळीत मीच जास्त करायची.

तुम्ही म्हणाल, एवढा काय तो सर्दीचा धसका! पण त्यामागे तिची नात होती. पोरीच्या बारशाला कुणीतरी वाहत्या नाकाने पापे घेतले, ती सर्दी थेट छातीत उतरली. तेव्हापासून साधं नाक वाहिलं तरी पोरीला धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, "हिच्या श्वासनळ्या हळव्या आहेत. तुमची नुसती सर्दी, पण हिचा दमा उठतो. पंप चुकवू नका आणि सर्दीवाल्यांपासून लांब ठेवा."

आता माझं सांगते. त्या दिवशी पाटीत ताजे सौंदाळे होते आणि माझं नाक सकाळपासून गळत होतं. अंगणवाडीला सुट्टी, म्हणून चार वर्षांची नात तिच्या पदराला धरून आलेली.

"शिंकतंय काय गो कोण?"

मी शिंक गिळली. "छे गो बाय!"

सर्दी वारा लागून होते, माणसाची माणसाला कुठली लागायला, अशी माझी समजूत. वर पोरीला कडेवर घेऊन दोन्ही गालांचे पापे घेतले.

चौथ्या दिवशी कळलं, पोर सरकारी इस्पितळात आहे. धावत गेले. तोंडावर वाफेचा मास्क, आणि श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आजीने मला दारातच अडवलं.

"वैनी, त्या दिवशी तुम्हाला सर्दी होती?"

मी मान खाली घातली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या हातचा मासा आता तुमच्या तव्यावर पडायचा नाय."

आठवड्याने पोर घरी आली आणि सूड सुरू झाला. रोज ती माझ्याच दारात पाटी उतरवायची. फडकं उचलून चकचकीत बांगडे दाखवायची, मी नीट बघितलं याची खात्री करायची, की फडकं झाकून पुढे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी सोडली तर एक दिवस चुकवला नाही.

"मला शिव्या घाल, पण बांगडे दे," मी एकदा म्हटलं.

"शिव्या घालते की. बांगडे नाय."

मीही काही कमी नाही. बाजारातून सुरमई आणली आणि बरोबर तिच्या वेळेला खिडकी सताड उघडून तळत बसले. ती थांबली. नाक वर केलं. "वैनी, परवाची हाय ती," म्हणाली आणि गेली. मेली, खरंच परवाची निघाली!

पुढे मी तिची वाटच बघायला लागले. फडकं उचललं की विचारायची, "पोर कशी आहे गो?" उत्तर कधी दिलं नाही तिने. पण पोर बरी असली की फडकं जरा जास्त वेळ उघडं राहायचं. धाप लागलेली असली की नुसता कोपरा उचलायची. मला तेवढ्यावरून कळायचं.

गेल्या शिमग्यानंतर आजी वारली. आता पाटी तिची लेक घेते, या पोरीची आई. पहिल्या दिवशी ती दारोदार तोच प्रश्न विचारत आली, माझ्या दारात थांबली, पाटी उतरवली. मला वाटलं, सुटले. मी ताट घेऊन पुढे झाले.

तिने फडकं उचललं. सौंदाळे होते. मग झाकलं.

"काकी, आईने सांगून ठेवलंय."

"बरं," मी म्हटलं. "आणि पोर?"

तिने फडकं पुन्हा उचललं, आणि बराच वेळ तसंच धरून उभी राहिली.