तीन मिलिमीटरचा पत्रा

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती चिमटीत धरून जाडी बघत. पापड, लग्नपत्रिका, माझ्या नव्या शर्टाची कॉलर. मग विचारत, "माल आहे काय यात?" बीरगांवच्या आमच्या वर्कशॉपमधले ते सर्वांत जुने फिटर, मूळचे भंडाऱ्याकडचे. असं एखादं माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल.

राज्याच्या नव्या राजधानीतल्या एका कचेरीच्या दर्शनी भिंतीवर तीन मिलिमीटरचे पत्रे बसवायचे होते. स्क्रूचं डोकं वर दिसू नये म्हणून पत्र्यात उतरता खळगा करून ते बुडवायचं. डिझाइन माझं. नमुन्याच्या भोकावरून त्यांनी बोट फिरवलं.

"साहेब, खळगा आरपार गेला. माल कुठी आहे इथं? नुसती धार राहिली."

"स्क्रू दुप्पट वजन घेतो, काका. हिशेब केलाय मी."

"स्क्रू नाही तुटत हो. वजन खाली ओढन, तं पत्राच फाटत जाईन."

"तुम्ही पापडच तपासा," मी म्हणालो. तेही हसले, आणि कागदावर लिहिली होती तेवढ्याच खोलीचे खळगे पाडत राहिले.

वर्षभरात एक पत्रा खाली आला. कुणाला लागलं नाही. स्क्रू भिंतीत शाबूत होते. पत्र्याची भोकं वरच्या बाजूला लांबट फाटली होती. मी गणित पुन्हा काढलं. स्क्रू कापला जाईल का, एवढंच मी तपासलं होतं. पत्रा मात्र खळग्यापाशीही पूर्ण जाडीचा धरून चाललो होतो.

चौकशीत मी लिहिलं : फिटरकडून खळगा जास्त खोल झाला.

त्यांना कामावरून काढलं. जाताना ते माझ्या टेबलापाशी आले.

"खरंच जास्त झाला काय हो? तुम्ही मोजलं असन."

मी म्हणालो, "हो."

चार वर्षांनी त्यांच्या घरी गेलो. ते खोटं वागवून थकलो होतो, एवढंच. काका त्या उन्हाळ्यातच वारले होते. त्यांच्या पत्नीने पाणी दिलं.

"काम सुटल्यावर घरची निघालेली कडीसुद्धा नाही बसवली त्यांनी," त्या म्हणाल्या. "काहून म्हटलं, तं म्हणत, माझा हात चुकते आता."

मी त्यांना सगळं सांगितलं. भोकं, कागद, माझी सही. त्यांनी पदराचा काठ सारखा केला.

"हे त्यांले सांगाले पाहिजे होतं ना, भाऊ."