दोन दीर्घिका आणि एक एंगेज फोन

माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा फोटो मी बनियनवर काढला.

सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., रुसून माहेरी, तासाभरावरच्या अकलोलीला गेली होती. रीतीप्रमाणे मी आणायला जायचं. पण मी म्हटलं, आधी तिनं फोन करावा. तिनं ठरवलं, आधी मी. असे नऊ दिवस गेले. त्यात शुक्रवार, भिवंडीतल्या यंत्रमागांची खडखड बंद. घर इतकं गप्प, की नळातून थेंब पडला तरी मी 'आलो' म्हणायचो.

त्या सकाळी मला अमेरिकेतली दुर्बीण इंटरनेटवरून तासभर वापरायला मिळाली. (तिकडे रात्र, इकडे माझा दुसरा चहा.) मी निवडल्या एकमेकींना ओढणाऱ्या दोन दीर्घिका, मध्ये ताऱ्यांचा पूल! फोटो तासाभरात निघाला, पण भिवंडीत यायला फक्त टेलिफोनची तार. रेघ रेघ करत दोन तासांत वरची दीर्घिका उतरली. (फाईल एकदाच मिळायची, तसा नियम होता.)

"छान आलीय ना?" मी मोठ्यानं विचारलं. कुणीच 'हं' म्हटलं नाही.

तेवढ्यात दार धडधडलं. बाहेर टेम्पो. त्यातून सुनंदा, सासरे, मेहुणा आणि दोन अनोळखी धिप्पाड माणसं उतरलेली.

"भावजी, बरं हाय ना?" मेहुण्यानं मला चाचपलं. "ताई सकाळपासून फोन लावते, नुसता एंगेज. वाटलं, चक्कर येऊन पडलात. ही दोघं दार तोडायला आणलीत."

"नऊ दिवसांनी मीच लावला, तर एंगेज," सुनंदाचे डोळे लाल. "कोणाशी बोलत होतात एवढं?"

"कोणाशीच नाही गं."

"मग फोनच बिघडलाय," म्हणत तिनं रिसिव्हर उचलला.

इंटरनेट त्याच तारेवर, कनेक्शन तुटलं. पडद्यावर एक दीर्घिका, तिच्यातून निघालेला अर्धा पूल, खाली कोरं.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. "ही किती लांब हाय?"

"कोट्यवधी प्रकाशवर्षं."

"आन् अकलोली?"

मी चहा टाकायला उठलो. दार तोडणारे चहा पिऊन गेले, सासरे आणि मेहुणाही गेले. सुनंदा राहिली.

तो अर्धा फोटो तिनंच फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. पाहुणे विचारतात, "दुसरी कुठंय?"

"हे आणायला गेलेच नाहीत," ती सांगते. आणि मी, खगोलनिरीक्षक, बनियन सारखं करतो.