डेल्विन नवव्यांदा मेला नाही

डेल्विन ब्रॉडनॅक्स पडद्यावर आठ वेळा मेला. मी छातीठोक सांगते, कारण आठही वेळा दारात तिकिटं फाडायला मीच होते. एकदा कुऱ्हाडीने, दोनदा दलदलीतल्या कशाने तरी, एकदा तर एका बाहुलीने. ते बाहुलीचं मला अजून पटत नाही. सव्वासहा फुटांचा गडी आणि वीतभर बाहुली त्याला संपवते म्हणजे काय?

एरवी हा माणूस आमच्या श्रीव्हपोर्टात घरोघरी एसी दुरुस्त करतो. गावात सिनेमावाले शूटिंगला यायला लागले, त्यांचा एसी बंद पडला, डेल्विन शिडी घेऊन गेला. शिडीवरून उतरला तेव्हा त्याला मरायचं काम मिळालं होतं. उंच, काळा, आवाज खणखणीत. भुताच्या सिनेमात त्यांना असा एक लागतोच. तो गोऱ्या पोरांबरोबर पडक्या घरात जातो, दोन विनोद करतो, मग तळघरात खुडबुड होते. बाकीचे चौघे जागच्या जागी उभे, आणि हाच शहाणा टॉर्च उचलून म्हणतो, "मी बघून येतो." झालं. आटपला कारभार.

आमच्या थिएटरात सगळी आमचीच, काळी माणसं. तोंड बंद ठेवून सिनेमा बघायची आम्हाला सवय नाही. डेल्विनने टॉर्चला हात घातला की आरडाओरडा सुरू.

"अरे ए, ठेव ती बॅटरी खाली. त्या सोनेरी केसवाल्याला पाठव."

"बाहेर गाडी उभी आहे ना? मग बस की गाडीत, गाढवा."

डेल्विन स्वतः तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेला. पडद्यावर मेला की अर्धं थिएटर पॉपकॉर्न आणायला उठायचं. आता आपलं कोण उरलंय बघायला, म्हणायचे.

पण सगळ्यांच्या आधी उठायची त्याची आई, मिस ओझेला. दाराजवळची खुर्ची ठरलेली. "मी बघून येतो" हे शब्द कानावर पडले की पर्स काखेला मारून ती बाहेर. सिनेमा संपेपर्यंत माझ्या काउंटरपाशी पेपरमिंटची गोळी चघळत बसायची. सिनेमा सुटला की डेल्विन बाहेर यायचा. ती आधी विचारायची, "आज कुठे?" तो मान दाखवायचा, नाहीतर पाठ. ती त्या जागेवरून हात फिरवायची, नीट चाचपायची, मग त्याच्या हातावर एक गोळी ठेवायची आणि म्हणायची, "चल, जेवायला."

नवीन कोणी असलं तर हसायचं. आम्ही हसत नव्हतो. तिचा थोरला, रेमंड, एकोणीस वर्षांचा होता. संध्याकाळची वेळ, घरात सगळे जेवायला बसलेले, रस्त्यावर गलका ऐकू आला. रेमंड ताटावरून उठला, म्हणाला, मी बघून येतो. गोळी कोणी झाडली ते आजपर्यंत कळलेलं नाही. तो परत घरात आला नाही, एवढंच.

सातव्या सिनेमात कथेत डेल्विन वाचणार होता. त्याने आईला तसं सांगितलं, म्हणून ती बिचारी जीव मुठीत धरून बसून राहिली. आणि सिनेमावाल्यांनी शेवटी शेपूट जोडलं होतं, त्यात कुऱ्हाड. डेल्विनलाही वाटलं नव्हतं ते ठेवतील म्हणून. मिस ओझेला दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. तेव्हापासून कोणी काही सांगितलं तरी तिचा विश्वास नाही.

नववा सिनेमा आला. शुक्रवारच्या खेळाला मी आत डोकावले आणि शेवट बघून तिथेच भिंतीला टेकले. डेल्विन जिवंत. कारण विचाराल तर अगदीच बावळट: शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात हिरो पायऱ्यांवरून घसरला, त्याचा पाय मोडला. दिवस संपत आलेले. मग दिग्दर्शक डेल्विनला म्हणाला, तूच ये बाहेर तळघरातून. आमच्या माणसाला जगवायला एका गोऱ्या पोराचं हाड मोडावं लागलं. असो, चालेल.

"मम्माला हे बघायला लाव, मिस व्हर्नेट," डेल्विन मला म्हणाला. "मी सांगून उपयोग नाही. पुन्हा मला असं वाचवणार नाही कोणी. आणि रविवारनंतर सिनेमा उतरतोय."

"तू काळजी करू नकोस," मी म्हणाले. काय डोंबल करणार होते, मलाही ठाऊक नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे तसेच थिएटरात आले, डोक्यावरच्या हॅटसकट. मिस ओझेला आमच्या चर्चमधल्या अशरांची मुख्य. पांढरे हातमोजे घालून दाराशी उभं राहायचं, लोकांना जागेवर बसवायचं, कोणाला भोवळ आली तर धरायचं, हे आमचं काम. मीही तिच्याच हाताखाली तयार झाले. प्रार्थना चालू असताना अशरने तोंड उघडायचं नाही, सगळं खुणांवर. डावी मूठ पाठीमागे, उजवा तळवा पुढे, म्हणजे दार उघडं आहे, आत या. उजवा हात छातीवर आडवा, म्हणजे मला मदत हवी, आत्ताच्या आत्ता ये. ती खूण दिसली की असाल तिथून निघायचं. पाय दुखतो, पोर रडतंय, असलं काही चालत नाही. तिनेच आम्हाला बजावलेलं.

सिनेमा सुरू झाला. विसाव्या मिनिटाला पडद्यावर डेल्विन म्हणाला, "मी बघून येतो," आणि मिस ओझेला बाहेर. पर्स, गोळी, खुर्ची.

मी तासभर इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मग म्हणाले, "मिस ओझेला, शेवट जरा बघू या का? यात तो वाचतो."

"व्हर्नेट, तू चांगली बाई आहेस. पण खोटं बोलू नकोस."

"देवाशप्पथ. मी शुक्रवारी बघितलाय."

"कुऱ्हाडीच्या वेळीपण शप्पथ घेतली होती लोकांनी," ती म्हणाली. "एक पोर मी पुरलंय. दुसऱ्याला पुन्हा पुन्हा कशाला बघू? मी इथे बरी आहे."

  घड्याळात बघितलं तर चार मिनिटं उरलेली. माझा स्वभाव तसा तापट, हात धरून ओढत न्यावं असंही मनात येऊन गेलं. पण सत्तरीच्या बाईला ओढतात का कुठे?

मी उठले. थिएटरचं दार उघडून आत एक पाय ठेवला, तिच्याकडे वळले, आणि उजवा हात छातीवर आडवा धरला.

मला माझीच लाज वाटली. ती खूण अशी वापरायची नसते.

मिस ओझेलाने पर्स खुर्चीवर टाकली आणि निघाली. विचार केलाच नाही तिने. चाळीस वर्षांची सवय, पायच निघाले. आत कोणी पडलंय असंच तिला वाटलं असणार. माझ्या बाजूने आत शिरली, अंधारात रांगांवरून नजर फिरवत कुजबुजली, "कोण? कुठे आहे?"

"तिथे," मी म्हणाले आणि पडद्याकडे बोट केलं.

तळघराचं दार हलत होतं. थिएटरात सगळे चिडीचूप. आमच्या थिएटरात असं कधी होत नाही. दार उघडलं. डेल्विन बाहेर आला, शर्ट फाटलेला, कपाळावर रक्त, पण दोन पायांवर. हातांचं काय करायचं ते दिग्दर्शकाने त्याला सांगितलंच नव्हतं, म्हणून लहानपणी आईने जसं उभं राहायला शिकवलं तसा तो उभा राहिला. डावी मूठ पाठीमागे. उजवा तळवा पुढे.

 मिस ओझेला ताठ झाली, तिची डावी मूठ पाठीमागे गेली, उजवा तळवा पुढे आला. पडदा काळा होऊन नावं सरकायला लागली तरी ती तशीच उभी. मला रडू आवरेना, आणि मी सहजासहजी रडणारी बाई नाही.

दिवे लागले. लोक डेल्विनच्या पाठीवर थापा मारत होते, शिव्या देत होते, आनंदाच्या. तो वाट काढत दाराशी आला, आई आत उभी दिसल्यावर थबकला. मग सवयीने त्याने मान पुढे केली.

तिने हात लावला नाही. "चल, जेवायला," म्हणाली.

जाता जाता ती माझ्याकडे वळली. "खोटी खूण केलीस, व्हर्नेट. पुढचे दोन रविवार तू मागच्या दाराशी. तिथे ऊन येतं."

"हो, मॅडम," मी म्हणाले.

पेपरमिंटची पुडी ती माझ्याकडेच विसरून गेली.