ढिगाऱ्यात अजून एक आहे

भुतंखेतं मी मानत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कमेंटमध्ये ‘ताई, मनात भीती असेल म्हणून दिसलं’ असं लिहायचे कष्ट वाचतील. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंही घराबाहेर काढली. शिवाय मला काही दिसलंच नाही... दिसलं ते माझ्या पेशंटला.

२००४-०५ ची गोष्ट. मी विठ्ठलवाडीला राहायचे आणि उल्हासनगरच्या एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात आरएमओ होते – म्हणजे मोठे सर येईपर्यंत सगळं निभावणारी डॉक्टर. तेव्हा परदेशातल्या लढायांचं भंगार जहाजांनी इकडे यायचं. त्यात कधी कधी न फुटलेले तोफगोळेही असायचे.

एका दुपारी अंबरनाथजवळच्या भंगार गोदामातून भगवानला टेम्पोत घालून आणलं. बदलापूरकडच्या गावातला, गॅस कटर चालवणारा. छातीत, मांड्यांत लोखंडाचे तुकडे घुसलेले. सोबतचा मॅनेजर माझ्या मागेच लागला, “मॅडम, स्टोव फटा ऐसा लिखो ना. खाना खाके बाकी लोग काम पे लगेंगे, खाली-फोकट पुलिस का लफड़ा काहे को?”

मी भगवानचे कान तपासले. दोन्ही पडदे फाटलेले. स्टोव्हने माणूस भाजतो हो, त्याच्या कानांची अशी चाळण होत नाही! “स्फोट झालाय, स्फोटच लिहिणार,” मी म्हटलं. तो तणतणत मोठ्या सरांना फोन करायला गेला.

भगवानला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मी हातमोज्यांच्या खोक्यावर लिहून विचारत होते. पण तो माझ्या खांद्यामागे बघत मान हलवायला लागला. “हां... हां, समजला!” बहिरा झालेला, त्यामुळे ओरडूनच बोलत होता.

‘कोणाशी बोलताय?’ मी लिहिलं.

“ती बाय, तुमचे मागं उभी हाय. अर्ध्या तोंडाला पट्टी हाय तिच्या. तुमचा मना काय आयकू येत नाय, पन तिचा येतंय. बोलते, ढिगाऱ्यात आजून एक हाय. निळ्या पिंपाच्या खाली, मातीत रुतलाय.”

मी वळले. मागे भिंत आणि सलाइनचा स्टँड. काटा आला अंगावर, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. तिकडे माणसं डबे आटपून पुन्हा त्याच भंगाराच्या ढिगाऱ्यावर कटर चालवणार होती.

पोलिसांना काय सांगू? पट्टी बांधलेली बाई म्हणते? मलाच वेड्यात काढलं असतं. मग आमची रोजची पद्धत कामाला आली. पोलीस केसच्या कागदावर पेशंटची हकिगत आम्ही ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ अशीच लिहितो. रुग्णाला कोणी सांगितलं, हे त्यात कोणी विचारत नाही. मी लिहिलं – रुग्णाच्या सांगण्यानुसार निळ्या पिंपाखाली दुसरा जिवंत तोफगोळा आहे. सही ठोकली आणि चौकीला फोन लावून तेच वाचून दाखवलं.

लगेच मोठ्या सरांचा फोन. “नोकरी नकोशी झालीय का तुला?”

“सर, सही माझी आहे. नोकरी तुमची, ती ठेवा तुमच्याकडे.”

माझी नोकरी काही गेली नाही. तेवढ्या पगारात त्यांना दुसरी कोण मिळणार होती! पोलीस वेळेवर पोहोचले. काम थांबलं आणि पिंपाखाली, मातीत, खरंच तोफगोळा निघाला. तो नेणारे लोक म्हणाले, कटर लागला असता तर शेडमधलं कोणी वाचलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, भगवानने तो आधीच पाहिला असेल. मीही तेच म्हणत होते. पण नंतर पोलिसांकडून कळलं, ते पिंप तिथे आलं भगवानचा टेम्पो निघाल्यानंतर. रस्ता मोकळा करायला कामगारांनीच ते बाजूला सरकवलं होतं. त्याला कळलं कसं?

डिस्चार्जच्या दिवशी मी खोक्यावर लिहिलं, ‘ती बाई पुन्हा दिसली का?’

भगवान मोठ्याने हसला. “दिसली का काय इचारता मॅडम? रोज ड्रेसिंगला यायची ना. आधी तुम्ही तिची पट्टी बदलायच्या, मंग माजी.”

मी रोज एकट्या भगवानचंच ड्रेसिंग करत होते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण त्या भंगारासोबत कुठल्याशा लढाईतून आलेली ती बाई खरंच तिथे येत असेल, तर तिची पट्टी माझ्या हातून बदलली गेली याचा मला आनंदच आहे.