त्याच्या खांद्यावर
हाताला चोळायच्या जंतुनाशकाचा झोंबरा वास आला की जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या हॉस्पिटलातली ती दुपार आठवते. आमच्या मित्राला टीबी निघाला होता. मास्क लावलेली गेझुंडहाइट्सआम्टची, म्हणजे तिथल्या आरोग्य खात्याची बाई त्याला विचारत होती, तुझ्याजवळ कोण कोण यायचं? "कुणीच नाही," तो म्हणाला. नावं दिली की सगळ्यांना तपासायला बोलावणार, बातमी फुटणार. बहिणीचं लग्न ठरत होतं, आजाराचं नाव गावी पोचायला नको होतं. दारात आमच्यातल्याच एकाची बायको, आमच्या सगळ्यांची वहिनी, उभी होती. ती मास्कआडून म्हणाली, "भावजी, माझी पोर दर रविवारी तुमच्याच खांद्यावर झोपायची ना हो?" त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पोरीलाही लागण झालेली निघाली. कितीतरी महिने कडू औषधं गिळून ती वाचली. तोही बरा झाला. पण आजही कुणी कौतुकाने मूल पुढे केलं, की तो दोन्ही हात पाठीमागे नेतो.