अठरा तास

लातूरच्या त्या क्लासात हनीफला सगळे ‘भूकंपवाला’ म्हणत. डावा पाय फरफटत चालायचा, तोंड फटकळ, फाटकावर बसून उशिरा येणाऱ्या पोरांचा उद्धार करायचा. पाय भूकंपात गेला असं लोक धरून चालले होते आणि हनीफने कुणाचंच बोलणं कधी खोडून काढलं नाही. खरं कारण सांगायचं झालं तर स्वतःचा मूर्खपणा सांगावा लागला असता.

तो मूळचा नांदेडचा. लहानपणी गोदावरीत बुड्या मारून तळाची नाणी वेचायचा. त्या दमाच्या जोरावर गोव्याला गेला आणि हौशी पर्यटकांच्या पाठीला हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली नेणाऱ्या बोटीवर लागला. त्र्याण्णव साली ज्या दिवशी पहाटे किल्लारीची जमीन हादरली, त्या दिवशी त्याने तीन खोल बुड्या मारल्या. दुपारी वर आला तर रेडिओवर उद्ध्वस्त गावांची नावं चालू होती. बहीण रजिया औशाजवळच्या खेड्यात नांदत होती. बोटीचा मालक म्हणाला, “उद्या जा. आज घाट चढू नकोस.” हनीफने त्यालाच शिव्या घातल्या आणि मिळेल तो ट्रक धरला. आंबोलीच्या घाटात खांदा ठणकायला लागला, माथ्यावर पोचेपर्यंत कमरेखाली मुंग्या आल्या आणि लातुरात त्याला चौघांनी उचलून उतरवलं. धावपळीतल्या डॉक्टरांनी त्याला भूकंपाच्या जखमींत टाकलं. रजिया धडधाकट होती. उलट तीच येऊन याचे पाय दाबत बसली.

क्लासचे मालक व्यंकट सर रसायनशास्त्र शिकवत. दर साली ते वर्गात गोळी सोड्याची बाटली फोडून दाखवत. दाबाखाली विरघळलेला वायू दाब सुटला की फेसाळून बाहेर येतो. पाणबुड्याच्या रक्तातही तसाच वायू मुरतो, म्हणून त्याने सावकाश वर यायचं, मध्ये थांबायचं, आणि वर आल्यावरही विरळ हवेत, उंचावर जायची घाई करायची नाही. पोरं लिहून घेत. बाहेर हनीफ ऐकायचा आणि पचकन थुंकायचा.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात सरांनी पहिल्या वीस पोरांना मालवणला नेलं. दोन दिवसांचं पाणबुडीचं शिक्षण, चार बुड्या. विसांत हनीफची लेक अर्शीही होती, व्हायचं तर डॉक्टरच, असं म्हणणारी. हनीफला सरांनी सामान राखायला घेतलं होतं. रविवारी दुपारी तीनला पोरं साठ फूट खोलवरून वर आली, आणि सर टाळ्या वाजवत म्हणाले, “चला, बसमध्ये! उद्या आठला टेस्ट आहे.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हनीफच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, आज घाट न्हाई. अठरा तास थांबा. बोटीवाल्यानंबी तुमाला हेच सांगितलंय.”

“ए हनीफ, तू फाटक सांभाळ. टेस्ट चुकली की रँक गेला. आणि सगळे बुडबुडे काय आमच्याच पोरांना होणार आहेत का?”

“तुमीच शिकवून राहिलात की दर साली. बाटली फोडून!”

“ते परीक्षेपुरतं!” सर ओरडले.

“अब्बा, गप बसा,” अर्शी दातओठ खात म्हणाली. “सगळे बघून राहिलेत.”

खरंच बघत होते. वीस पोरं, ड्रायव्हर आणि लाजेने लाल झालेली स्वतःची लेक. हनीफला समजावून सांगता आलं नाही. त्याला ते कधी जमलंच नव्हतं. तो लंगडत बसमध्ये चढला, किल्ली उपसली आणि धक्क्यावर जाऊन समुद्रात भिरकावली.

सरांनी त्याच्या कानाखाली वाजवली. हनीफने हात उचलला नाही, फक्त म्हणाला, “अजून एक मारा, पर पोरं हितंच झोपतील.” दुसरी किल्ली लातूरला होती. रविवारी मिस्त्री कुठला मिळणार? सोमवारी सकाळी सव्वानऊला एक आला आणि त्याने तारा जोडून बस चालू केली. घाटात पोरं तोंड फिरवून बसली. कुणाचा खांदा दुखला नाही, कुणाला मुंग्या आल्या नाहीत.

लातुरात पोचल्यावर सर सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा, काय झालं? काही झालं नाही! उगीच टेस्ट बुडवली या अडाण्यानं.” फाटकाचं काम त्याच दिवशी गेलं. अर्शीचं नाव पहिल्या विसांतून काढून मागच्या वर्गात घातलं.

घरी येऊन अर्शीने दप्तर भिंतीवर आपटलं.

“तुम्हाला माझं काही चांगलं बघवत न्हाई. स्वतःचा पाय गेला भूकंपात, आता माझं करिअर पण घ्या!”

“भूकंपात न्हाई गेला,” हनीफ म्हणाला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. “घाटात गेला, बेटा. त्या रात्री, रजियाकडे येताना. मला बी एकानं थांब म्हणलं होतं.”

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती दार आपटून बाहेर पडली आणि रागारागाने दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत रस्त्याला लागली. हनीफ खिडकीत बसून तिचे पाय बघत राहिला.