शेखसाहेबांची बंदूक

कुठल्याही यंत्राला हत्यार लावण्याआधी चाचा त्यावर तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "जबरदस्ती नको. लोखंड रुसतं."

चाचा दापोलीकडचे, फिटर. सौदीत, समुद्राकाठच्या कतीफमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी इलेक्ट्रिशियन होतो. घरी फोन करायला कार्ड खरवडायचो, तो काळ. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी पंख्याशीसुद्धा बोलतात. चाचा बोलायचे आणि उत्तराची वाटही बघायचे.

आमच्या कफीलचे, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही तिथं होतो त्या मालकाचे वडील, म्हातारे शेख, रियाध सोडून मुलाकडे राहायला आले होते. जन्मभराचे शिकारी. पण इकडे आल्यापासून नेम चुकायला लागला. एकदा ससा नुसता जखमी होऊन पळाला, तर शेख दोन दिवस धड जेवले नाहीत. "माझे हात खलास," म्हणाले आणि बंदूक मुलाकडे देऊन टाकली.

कफीलला ते बघवेना. तो बंदूक घेऊन वर्कशॉपमध्ये आला. परवाना त्याचा, म्हणून काम होईपर्यंत स्वतः तिथंच बसून राहिला. चाचांनी तळहात ठेवला आणि मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, "पहिली गोळी कुठं जाते?"

"बरोबर जाते. पुढच्या भरकटतात."

चाचांनी वहीचा कागद फाडला आणि नळी आणि खालचं लाकूड यांच्यामध्ये सरकवायला लागले. मध्येच कागद अडला. चाचा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "आपल्याकडे पावसात दारं फुगतात की नाही? रियाधच्या कोरड्या हवेतलं लाकूड हे. इथं समुद्राची हवा प्यायलंय. नळी तापली की ते तिला ढकलतंय."

उपाय एकच होता, लाकूड आतून तासायचं. चाचांनी तो अरबीत सांगितला, तसा कफील उभाच राहिला. "माझ्या आजोबांची बंदूक आहे ही!"

"माहीत आहे," चाचा म्हणाले. "तासलेलं परत चिकटत नाही. तू सांगशील तसं."

कफीलनं लाकडावरून एकदा हात फिरवला. मग हलकेच म्हणाला, "यल्ला. चल, कर सुरू."

चाचांनी रंध्याला हातही लावला नाही. पॉलिश पेपरनं घासत राहिले. थोडं घासायचं, कागद सरकवून बघायचा, पुन्हा घासायचं. कागद टोकापासून मुळापर्यंत अलगद गेला, तेव्हा त्यांनी लाकडाला तेल पाजलं, बंदुकीवरच्या नेमाच्या दुर्बिणीचे सैल स्क्रू आवळले आणि घाम पुसला.

शुक्रवारी सगळे वाळवंटात गेलो. शेख यायला तयार नव्हते, मुलानं जवळजवळ उचलूनच आणलं. लांबच्या टेकाडाला पुठ्ठा लावला. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून शेखनी तीन गोळ्या झाडल्या. कफील गाडीनं जाऊन पुठ्ठा घेऊन आला. तिन्ही भोकं खुणेच्या बरीच डावीकडे होती.

शेखनी मान खाली घातली. कफीलनं चाचांकडे रोखून बघितलं.

चाचा मात्र हसत होते. "अहो, तिन्ही एकमेकांना चिकटून आहेत, बघा तरी! हात थरथरत असते तर विखुरली असती. स्क्रू आवळताना दुर्बीण जरा हलली, आता फक्त तेवढी सरकवायची."

त्यांनी दुर्बिणीची चकती जराशी फिरवली. पुढची गोळी खुणेच्या काठाला लागली. आणखी जराशी फिरवली. त्यानंतरची मधोमध गेली. तिच्यामागची तिच्या शेजारीच.

शेखनी बंदूक खाली ठेवली. स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघितले, उलटे, सुलटे. मग लहान मुलासारखे मोठ्यांदा हसले आणि चाचांचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. कफील दुसरीकडे तोंड करून उगाच चष्मा पुसत राहिला.

परतताना गाडीत चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "लाकूड घासताना माझीच छाती धडधडत होती रे. आता जरा बरं वाटतंय." आणि बसल्या बसल्या घोरायला लागले.

पुढं काही वर्षांनी चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावर सोडायला शेख स्वतः आले. चाचांचा दोरीनं बांधलेला खोका शेखनी दुसऱ्या कुणाला उचलू दिला नाही, स्वतःच दारापर्यंत नेला. चाचा हात हलवून आत गेले. आम्ही गाडीत येऊन बसलो. डोक्यावरून एक विमान गेलं, थोड्या वेळानं दुसरं. चाचांचं कुठलं, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. शेख प्रत्येकाकडे बघून हात हलवत होते.